शिक्षक व्हायचंय? मग कोरी स्केचबुक घ्या: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. शिक्षक व्हायचं ट्रेनिंग घेत असाल तर हायलाइटरचा सेट, स्टिकी नोट्स, छापील तयार नोट्स हे सगळं नंतर बघा, सगळ्यात आधी एक बिनरेघांची, जरा जाड कागदाची स्केचबुक आणि एक २बी पेन्सिल घ्या. चित्रकला येत नसेल तरी घ्या. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या वहीचा नाहीये, कारण मला तरी कंपनीने फारसा फरक पडलेला दिसला नाही, कागदाने आणि बाईंडिंगने पडतो, ते खाली लिहिलंय. आणि मी ही वही सुंदर चित्रं काढायला वापरत नाही. जे उद्या वर्गात शिकवायचंय ते पुस्तक मिटून कागदावर काढून बघायला वापरते, तेवढ्याच वापराबद्दल इथे बोलतेय.

शिक्षकाला जे लक्षात ठेवायचं असतं ते परीक्षेच्या लक्षात ठेवण्यापेक्षा वेगळं असतं, हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये कोणी फार सांगत नाही. परीक्षेत उत्तर एकदा लिहिलं की सुटलो. शिक्षकाला तीच गोष्ट फळ्यापुढे उभं राहून, मधेच कोणीतरी काहीतरी विचारलं की थांबून, परत धागा पकडून, शून्यापासून उभी करायची असते आणि तीही दरवर्षी नव्या मुलांसमोर. त्यामुळे माहिती डोक्यात कुठेतरी पडून आहे एवढ्यावर भागत नाही, ती कुठून सुरू होते, कशावर काय टेकलंय, कुठला भाग काढून घेतला तर बाकीचं कोसळतं हे सगळं हाताशी लागतं. नुसतं वाचून हे येत नाही. तोच धडा दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा वाचला की तो ओळखीचा वाटायला लागतो आणि ओळखीचा वाटला की आपल्याला वाटतं येतोय, पण ओळखणं वेगळं आणि न बघता उभं करणं वेगळं.

हृदयाचं उदाहरण घ्या. चार कप्पे, दोन अलिंद दोन निलय, अशुद्ध रक्त उजवीकडे येतं, फुफ्फुसात जातं, शुद्ध होऊन डावीकडे येतं आणि तिथून शरीरभर जातं, हे वाक्य कोणीही म्हणून दाखवेल. आता पुस्तक मिटा आणि काढा. पहिली रेघ ओढायच्या आधीच प्रश्न येतो की उजवी बाजू कागदावर कुठल्या हाताला काढायची, कारण आपण समोरच्या माणसाचं हृदय बघतोय म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येणार. मग भिंती काढताना लक्षात येतं की चारही कप्प्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या काढून चालत नाही, डाव्या निलयाची सगळ्यात जाड, कारण त्याला रक्त अख्ख्या शरीरात ढकलायचंय आणि उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत. मग झडपा. झडप कुठल्या दिशेला उघडते ते काढल्याशिवाय बाण पुढे सरकतच नाही. मग फुफ्फुसाकडून येणारी शीर, जिच्यात शुद्ध रक्त असतं, आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी, जिच्यात अशुद्ध असतं, म्हणजे धमनी म्हणजे शुद्ध आणि शीर म्हणजे अशुद्ध हे पाठांतर इथे उपयोगी पडत नाही, दिशा बघावी लागते. एवढे सगळे निर्णय एका साध्या चित्रात घ्यावे लागतात आणि वाचताना यातला एकही घ्यावा लागत नाही. ही गोष्ट मला या वहीची सगळ्यात मोठी ताकद वाटते. कोऱ्या पानावर 'साधारण येतं' याला जागाच नसते, रेघ इथे किंवा तिथे ओढावीच लागते.

लक्षात राहण्याबद्दल नुसतं माझं मत देत नाही, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात वॅम्स, मीड आणि फर्नांडिस या तिघांनी २०१६ मध्ये प्रयोगांची एक अख्खी मालिका प्रसिद्ध केली. लोकांना साधे शब्द द्यायचे, काहींचं ४० सेकंदात चित्र काढायचं आणि काही शब्द तेवढाच वेळ परत परत लिहायचे, मग मधे दुसरंच काहीतरी काम देऊन अचानक विचारायचं की आठवतील तेवढे शब्द सांगा. चित्र काढलेले शब्द लिहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आठवले, बऱ्याचदा दुपटीहून जास्त. त्यांनी मग शंका काढून काढून तपासलं, म्हणजे नुसतं डोळ्यापुढे आणलं तर, तयार चित्र बघितलं तर, त्या वस्तूचे गुणधर्म लिहून काढले तर, आणि तरीही स्वतः काढणं पुढेच राहिलं. वेळ शब्दामागे ४ सेकंदांवर आणला तरी फायदा टिकला. आणि चित्र चांगलं आलं का वाईट याने फरक पडला नाही, हे तर मोठं करून वर्गाच्या भिंतीवर लावायला पाहिजे, कारण 'मला चित्र येत नाही' म्हणून हे टाळणारे लोक आमच्या ट्रेनिंगमध्येच किती आहेत. २०१७ मध्ये त्याच तिघांनी व्याख्यांवर हे करून बघितलं, नुसत्या वस्तूंच्या नावांवर नाही तर पुस्तकी संज्ञांच्या अर्थांवर, आणि तिथेही चित्र काढणं शब्दशः लिहिण्यापेक्षा सरस ठरलं.

असं का होतं याचं त्यांचं म्हणणं मला पटतं. चित्र काढताना त्या गोष्टीचा अर्थ लावावा लागतो, हात हलवावा लागतो आणि जे उमटतंय ते डोळ्यांनी दिसत राहतं, म्हणजे एकाच गोष्टीच्या तीन खुणा एकाच वेळी तयार होतात आणि एकमेकींना धरून राहतात. यातले काही धागे जुनेच आहेत. ॲलन पायव्हिओ या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच मांडलं होतं की शब्द आणि प्रतिमा अशा दोन्ही रूपांत साठवलेलं जास्त टिकतं, आणि स्लॅमेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवलं की नुसतं वाचलेल्यापेक्षा स्वतः तयार केलेलं जास्त आठवतं. इथे एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. 'काही मुलं चित्रांतून शिकणारी, काही ऐकून शिकणारी' अशी जी विभागणी आपल्या ट्रेनिंगमध्ये अजूनही सांगतात तिचा याच्याशी संबंध नाही. मुलाची 'स्टाइल' ओळखून तसं शिकवलं की जास्त येतं याला भक्कम पुरावा नाही असं पॅशलर आणि इतरांनी २००८ मध्येच सगळा धांडोळा घेऊन लिहिलंय. चित्र काढणं कुठल्या खास प्रकारच्या मुलांसाठी राखीव नाहीये, ते सगळ्यांसाठीच आहे.

आता उणीव, आणि ती खरी उणीव आहे म्हणून सविस्तर लिहिते. चित्र काढल्याने गोष्टी लक्षात राहतात पण त्यांचा क्रम लक्षात राहीलच असं नाही, उलट क्रमाची आठवण कमजोर होते असं योंकर, वॅम्स आणि मॅक्लाउड यांच्या २०१९ च्या संशोधनात दिसलं. एकेका गोष्टीत आपण इतके गुंततो की ती आधीची आणि ती नंतरची हे दुवे सैल राहतात. शिक्षकासाठी हे फार महत्त्वाचं, कारण आपलं अर्धं काम क्रमाचंच असतं. यावर मी जे करते ते सांगते. चित्र पूर्ण झालं की त्यातल्या रेघांना नंबर टाकते, पहिल्यांदा काय काढायचं, दुसऱ्यांदा काय, कुठल्या नंबरला थांबून मुलांना प्रश्न विचारायचा, आणि मग पान उलटून त्याच नंबरांनी पुन्हा काढते, यावेळी मोठ्याने बोलत. हृदयाच्या चित्रात माझा १ नंबर बाहेरची रेघ नसतो, १ नंबर मधला पडदा असतो, कारण दोन बाजू वेगळ्या आहेत हेच पहिल्यांदा कळायला हवं. बाहेरचा आकार शेवटी. असे नंबर पडले की ते पान नुसतं चित्र राहत नाही, तो पाठ होतो, म्हणजे उद्या खडू घेऊन कुठून सुरुवात करायची आणि कुठे श्वास घ्यायचा हे ठरलेलं असतं. पाठ-टाचणाचा जो छापील तक्ता भरून घेतात त्यात हे कुठेच येत नाही, उद्दिष्टं येतात, साहित्य येतं, मूल्यमापन येतं, पण पहिली रेघ कुठली हा रकाना मी अजून कुठे बघितलेला नाही.

याचा वर्गातही उपयोग आहे. फिओरेला आणि मेयर यांनी २०१६ मध्ये शिक्षकाचा हात आकृती काढताना दिसतोय आणि आकृती आधीच काढून ठेवलीय अशी तुलना केली होती, आणि ज्यांना विषयाची आधी फार माहिती नव्हती त्यांना समोर काढलेली बघण्याचा फायदा झाला. तयार स्लाइड एकदम सगळी अंगावर येते, कुठे बघायचं ते कळत नाही, समोर काढताना एका वेळी एकच गोष्ट वाढत जाते. पण समोर न अडखळता काढायचं तर आधी कुठेतरी काढून झालेलं लागतं आणि ते ठिकाण म्हणजे ही वही.

चंद्राच्या कलांसाठी तर मी म्हणेन की हिच्याशिवाय शिकवूच नये. मोठ्या माणसांनाही विचारा, बरेच जण सांगतील की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो. समजावून सांगा, मान डोलावतात, नंतर परत तेच सांगतात. आता पानाच्या एका कडेला सूर्य काढा, मधे पृथ्वी, भोवती आठ ठिकाणी चंद्र, आणि आठही चंद्रांचा सूर्याच्या विरुद्ध बाजूचा अर्धा भाग काळा करा. प्रत्येक चंद्र अर्धा उजळ, अर्धा काळा, कायम. मग पृथ्वीवर पेन्सिलचं टोक ठेवून एकेका चंद्राकडे बघा आणि बाहेरच्या वर्तुळात इथून कसा दिसेल तो काढा. कोर, अर्धचंद्र, पौर्णिमा आपोआप येतात, सावलीची गरजच लागत नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या पलीकडे म्हणजे सावली पडू शकेल अशाच जागी येतो तेव्हा सावलीवाली कल्पना स्वतःच मोडते. मग लगेच पुढचा प्रश्न येतो की दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, आणि त्यासाठी पान आडवं करून बाजूने काढावं लागतं, चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली. एका पानात दोन तासांचा पाठ तयार होतो आणि प्रश्न मुलं कुठे विचारणार तेही कळतं, कारण ते आपल्यालाच काढताना पडलेले असतात.

फक्त पेन्सिलच नाही. समोच्च रेषा, म्हणजे नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्या मातीनेच कराव्यात. मऊ मातीचा एक डोंगर करा, एक बाजू उभी, एक उतरती, सारख्या सारख्या उंचीवर खुणा करून दोऱ्याने आडवे काप घ्या आणि प्रत्येक काप एकाच पानावर आपापल्या जागी ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. वहीत समोच्च नकाशा तयार, आणि चढ उभा तिथे रेषा जवळ जवळ का येतात हे कोणी सांगायला लागत नाही. स्केचबुक इथे थोडी मळते, मळू द्या. अपूर्णांकांना तर एवढंही लागत नाही, एक आयत, चार उभे भाग करून तीन रंगवा, मग तीन आडवे भाग करून त्यातले दोन घ्या, बारापैकी सहा घरांवर दोन्ही रंग चढतात, म्हणजे ३/४ चा २/३ भाग अर्धा का येतो ते दिसतं.

शिक्षणशास्त्राच्या पेपरांना चालते का, हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारला. चालते, पण डोकं जास्त लावावं लागतं. पियाजे या मानसशास्त्रज्ञाची अक्षय्यतेची कल्पना, म्हणजे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे लहान मुलाला आधी कळत नाही, ती दोन ग्लासांत येते, एक उंच अरुंद, एक बुटका रुंद, पाणी तेवढंच, आणि शेजारी लहान मूल, उंच ग्लासाकडे बोट दाखवणारं. पण 'शिक्षणाची ध्येये' असल्या धड्यांचं काय काढणार, तिथे मी जबरदस्तीने चित्र काढत नाही, तिथे लिहूनच अभ्यास करते. दिवा, पुस्तक, उगवता सूर्य काढून पान सजवलं तर वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. विषयाशी संबंध नसलेली आकर्षक चित्रं शिकण्यात अडथळाच आणतात हे हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये दाखवलेलंच आहे. दोन रंगांच्या वर रंग वापरायचा मोह झाला तर समजायचं की अभ्यास थांबून सजावट सुरू झालीय. तसंच लेक्चर चालू असताना कडेला गिरगटणं हेही वेगळं. कंटाळवाणा फोन-मेसेज ऐकताना आकृत्या गिरवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं असा जॅकी अँड्रेडचा प्रसिद्ध प्रयोग आहे, पण तिथे फायदा बहुधा मन भटकत नाही याचा असतो, विषय समजण्याचा नाही. ती कडेची फुलंपानं हवी तर काढा, पण त्याला अभ्यास म्हणू नका.

वेळ लागतो, हे मान्यच करायला हवं. एका धड्याला वाचनाच्या मानाने बराच जास्त. म्हणून मी सगळा धडा काढत नाही, ज्या एका जागी मुलं अडकतील असं वाटतं तेवढीच काढते. आणि वेळेचा हिशोब लगेच परीक्षेला लावू नका. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मरीएल हार्डिमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास आहे, पाचवीच्या मुलांना विज्ञान एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आणि एका गटाला कलेची जोड देऊन शिकवलं. शिकवून झाल्यावर लगेच दोन्ही गट साधारण सारखेच होते, फरक पुढे काही काळाने घेतलेल्या चाचणीत दिसला, आणि सगळ्यात जास्त फायदा वाचनात मागे असलेल्या मुलांना झाला. मला या अभ्यासातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. जे मूल वाचनात अडतं ते विज्ञानातही अडतं कारण विज्ञान आपण त्याला वाचायलाच देतो, त्याला दुसरं दार उघडून द्यायचं तर शिक्षकाला स्वतःला त्या दारातून येण्याजाण्याची सवय हवी.

आता वस्तूबद्दल. कागद १०० ते १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे, पेन्सिल आणि साधं पेन दोन्ही चालतं, ८० च्या खाली गेलात तर पेनाचं मागच्या पानावर दिसतं आणि मग एकाच बाजूला काढावं लागतं. जलरंगासाठी २०० च्या पुढे लागतो, पण या कामाला जलरंगाची गरज नाही. साइझ ए४ घ्या. ए५ पिशवीत मावते, हातात छान बसते, पण त्यात चित्र आखडतं, नंबर टाकायला आणि प्रश्न लिहायला कडेला जागा उरत नाही. बाईंडिंग स्पायरलचं घ्या, पूर्ण उलटून सपाट राहते, उभ्याने हातात धरून फळ्याकडे बघत काढता येतं. शिवलेली दिसायला सुंदर असते पण मधल्या घडीत चित्र जातं. स्पायरलचा तोटा एवढाच की पानं फाडायला सोपी आणि फाडावंसं वाटतं. फाडू नका, बिघडलेलं पान पुढच्या वेळी सगळ्यात जास्त कामाला येतं, मुलं नेमकी तिथेच बिघडवणार असतात. खोडरबर मी जवळ ठेवत नाही, चुकलेल्या रेघेवर बारीक फुली मारून शेजारी दुसरी काढते.

टॅबलेट आणि स्टायलसवर पण करून बघितलंय. रंग बदलणं, मोठं करणं, शेअर करणं, यात टॅबलेट पुढे आहे, गटात काम करत असाल तर तोच बरा. पण मागे घ्यायचं बटण इतकं हाताशी असतं की रेघ ठरवायच्या आधीच पुसली जाते, आणि तो ठरवण्याचा क्षणच तर आपल्याला हवा असतो. शिवाय फोटो टाकून वर गिरवायची सोय मिळते, म्हणजे आठवून काढणं राहून जातं. काही लोक तयार आकृत्यांची रंगवायची पुस्तकं घेतात, ती शरीररचनेच्या नावांसाठी ठीक आहेत, पण आकृती कशी उभी राहते हे त्यात कोणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं.

मेंदूच्या पेशींचं जग ज्याने कागदावर आणलं त्या सांतियागो रामोन इ काहालला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी शरीरशास्त्राकडे वळवलं, आणि १९०६ मध्ये गॉल्जी या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल मिळालं. त्याची चित्रं अजूनही पुस्तकांत वापरतात. सूक्ष्मदर्शकात दिसणारा गुंता त्याने तसाच उतरवला नाही, कुठली पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे तो काढता काढता ठरवत गेला. आठवणी जिथे साठतात त्या पेशी आपल्याला अशा हाताने काढलेल्या चित्रांतून कळल्या हे मला ही वही उघडताना बऱ्याचदा आठवतं.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा क्रमाच्या अडचणीसाठी कापलाय, नंबर टाकायची सवय लागली तर तो तुम्ही परत देऊ शकता. ज्यांना पुढच्या आठवड्यात पेपर आहे आणि अजून एकदाही वाचलेलं नाही त्यांनी आत्ता घेऊ नका, आधी वाचून घ्या, कोऱ्या पानावर काढायला डोक्यात आधी काहीतरी असावं लागतं. ज्यांचं सराव-पाठांचं सत्र सुरू होतंय त्यांनी मात्र आजच घ्या, पहिल्या पानावर पहिल्या पाठातली मुलं अडकतील ती एकच जागा काढा, पुस्तक मिटून, आणि जिथे पेन्सिल थांबेल तिथेच पुस्तक उघडा.